उताणा हात

कोपर काटकोनात वाकवा आणि तळहात वर करा, देवळात तीर्थ घेताना करतो तसा. आता दुसऱ्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट कोपराच्या खळगीत बाहेरच्या बाजूने आत घाला. एक ताठ दोरी लागेल, बोट तिच्यामागे आकड्यासारखं अडकतं आणि तिला पुढे ओढता येतं. आपण सगळे तिला शीर म्हणतो पण शीर नाही ती, ती बायसेप्सची कंडरा म्हणजे टेंडन, दंडाच्या स्नायूला खालच्या हाडाशी बांधून ठेवणारी. बोट अडकलं तर दोरी जागेवर आहे, बोट नुसतंच आत जात राहिलं तर तुटलेली आहे. याला हुक टेस्ट म्हणतात, अमेरिकेत मेयो क्लिनिकचे डॉक्टर ओ'ड्रिस्कॉल यांनी २००७ मध्ये ती लिहून प्रसिद्ध केली, मशीन लागत नाही की पैसे लागत नाहीत, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

२८ मे २०२३ च्या दुपारपासून माझ्या उजव्या हातात ती दोरी नव्हती आणि मला ते कळायला पाच दिवस लागले.

रविवार होता, साडूचं घर बदलायचं होतं. कळव्यातली जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. लोखंडी कपाट उतरवत होतो, मी खालच्या बाजूला, वर दोघं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर वरच्या एकाचा हात घामाने सटकला आणि सगळा भार एकदम माझ्या वाकलेल्या हातावर आला, मी सोडलं नाही कारण माझ्या मागे दोन पायऱ्या खाली साडूचा मुलगा चादरीचं गाठोडं घेऊन उभा होता. मी हात वाकवून धरायला बघतोय आणि वजन त्याला सरळ करतंय, आणि आतून टक्क झालं, कानाला ऐकू आलं आणि हाडालाही जाणवलं, ओला सुंभ तुटतो तसं. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की असंच होतं बहुतेक लोकांचं, उचलताना नाही तुटत, सटकणारी वस्तू धरताना तुटतं. चाळिशी-पन्नाशीतले पुरुष, बहुतेक वेळा ज्या हाताने सगळी कामं करतो तोच हात. मी तेव्हा ४७ चा होतो.

दुखलं, पण एवढं मोठं काही झालं असेल असं वाटण्याइतकं नाही. थोड्या वेळाने तर मी खाली टेम्पोजवळ बसून चहा पीत होतो.

दुसऱ्या दिवशी घराजवळच्या दवाखान्यात गेलो. एक्स-रे काढला, तो क्लीन आला, येणारच, एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, टेंडन नाही दिसत. डॉक्टर म्हणाले कोपर वाकवून दाखवा, मी वाकवून दाखवलं, दुखत होतं पण वाकलं. मग ते म्हणाले स्नायूला ताण आलाय, जेल लावा, झोळी बांधा, तीन आठवडे आराम करा. त्या डॉक्टरांचं नाव लिहिणार नाही, मला कोणाशी भांडायचं नाहीये, ही इजा लाखात वर्षाला एक-दोघांनाच होते त्यामुळे एखाद्या डॉक्टरांनी आयुष्यात पाहिलेली नसेल हेही मी समजू शकतो. पण चूक कुठे होते ते सांगितलंच पाहिजे. कोपर वाकवण्याचं मुख्य काम बायसेप्सचं नाहीच, त्याच्या खाली ब्रॅकिआलिस नावाचा दुसरा स्नायू आहे तो करतो. बायसेप्सचं खरं काम म्हणजे हात फिरवणं, पालथा तळहात उताणा करणं. म्हणजे पेशंटला फक्त कोपर वाकवायला सांगितलं तर तुटलेल्या टेंडनचा माणूससुद्धा पास होतो. उताणा करून दाखव, आणि मी अडवतो तरी करून दाखव, असं विचारायला पाहिजे.

मी रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्स फिटर आहे, वीस वर्षं झाली. त्यामुळे मला पहिला संशय आला तो स्क्रूवरनं आला. बुधवारी घरात एक सॉकेट ढिला होता, बसून बसून कंटाळा आलेला, म्हटलं एवढं तरी करू. प्लेटचे दोन स्क्रू काढले, काही त्रास नाही. बसवायला घेतले तर हातात जोरच नाही, स्क्रू ड्रायव्हर खाचेत बसतोय, मी पिळतोय आणि मनगट आपलं जागच्या जागी. पुन्हा काढून बघितला, निघतोय. पुन्हा बसवतोय, बसत नाही. उजव्या हाताने स्क्रू काढताना तळहात पालथ्याकडे जातो आणि बसवताना उताण्याकडे, हे मी वीस वर्षं रोज करत होतो पण कधी लक्षात आलं नव्हतं. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली, मी बनियनवर होतो, ती दंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, बेटकुळी वर सरकलीये तुमची." खरंच होतं, दंडाचा गोळा खांद्याकडे चढून बसला होता, कोपराच्या वर खड्डा, आणि कोपराच्या आतल्या बाजूपासून अर्ध्या हातापर्यंत काळं-निळं, पिकलेल्या जांभळासारखं.

शुक्रवारी ठाण्यातल्याच एका ऑर्थोपेडिक सर्जनकडे गेलो. त्यांनी बोट घातलं, बोट आत गेलं, दोन सेकंदात म्हणाले दोरी नाहीये. डाव्या हाताला घालून दाखवलं, माझंच बोट धरून, म्हणून तर ही टेस्ट मला पाठ झाली. एमआरआय शनिवारी झाला, पालथं झोपून हात डोक्याच्या वर घेऊन कोपर वाकवून, त्या पोझिशनमध्ये टेंडन सगळ्यात नीट दिसतं म्हणे. पूर्ण तुटलेलं होतं, हाडापासून उपटून वर गेलेलं.

आता इथे खालच्या मजल्यावरच्या काकांची गोष्ट सांगायलाच पाहिजे. काका ७१ वर्षांचे, तीन-चार वर्षांपूर्वी त्यांचंही बायसेप्सचं टेंडन तुटलं होतं, ऑपरेशन केलं नाही आणि आज ते पाचपाखाडीच्या मार्केटमधून दोन्ही हातात पिशव्या घेऊन येतात. ते अगदी मायेने मला सांगायला आले की अरे याला काही कापाकापी लागत नाही, माझ्याकडे बघ. घरात सगळ्यांना ते पटलं, मला सुद्धा पटलं, तीन दिवस मी ऑपरेशन नाही करायचं असंच धरून होतो. पण काकांचं तुटलं होतं खांद्याकडचं. बायसेप्सला वर दोन टोकं असतात, शाळेत द्विशिर स्नायू म्हणायचो ते त्यामुळेच, आणि खाली एकच. वरच्या दोनातलं एक तुटलं तर दुसरं धरून ठेवतं, दंड जरा विचित्र दिसतो, पण वयस्कर माणसाचं बहुतेक काम चालतं. बायसेप्सची तुटलेली बहुतेक टेंडन्स ही वरचीच असतात. खालचं एकच आहे, ते तुटलं की स्नायूला खाली धरायला काही उरत नाही. नाव एकच, दुखणी दोन, आणि शेजाऱ्यांच्या सल्ल्यात हा फरक कुठेच येत नाही.

मंगळवारी मी पुन्हा सर्जनकडे गेलो आणि सरळ विचारलं की नाही केलं तर काय होईल. त्यांनी घाबरवलं नाही. म्हणाले हात निकामी होणार नाही, जेवाल, लिहाल, गाडी चालवाल. १९८५ मध्ये या विषयावर दोन पेपर आले होते, अजून सगळे तेच आकडे सांगतात, ऑपरेशन न केलेल्यांची हात उताणा करण्याची ताकद साधारण ४० टक्क्यांनी कमी राहते आणि कोपर वाकवण्याची ३० टक्क्यांनी. आणि हात परत परत उताणा करायचा दम तर त्याहून जास्त कमी होतो. मग विचारलं, तुम्ही काम काय करता? फिटर, म्हटलं. ते म्हणाले ऑफिसमध्ये बसणारा ६५ वर्षांचा माणूस असता तर मी तुम्हाला नका करू असंही सांगितलं असतं, पण तुमची रोजी त्या ४० टक्क्यांवर आहे. आणि करायचं तर दोन-तीन आठवड्यांच्या आत, नंतर टेंडन आखडून वर चिकटतं, ते खाली हाडापर्यंत पोचत नाही, मग दुसरीकडचं टेंडन आणून जोड द्यावा लागतो. तो दिवस दहावा होता. मी जर दवाखान्यातल्या सल्ल्याप्रमाणे तीन आठवडे झोळी बांधून बसलो असतो तर ही मुदत झोळीतच गेली असती.

९ जूनला ऑपरेशन झालं, तेराव्या दिवशी. ऑपरेशनबद्दल फार लिहीत नाही, मी झोपेत होतो. सांगितलं ते एवढं, की कोपराच्या खाली पुढून एक चीर, रेडियस हाडाला आरपार भोक, टेंडनच्या टोकाला मजबूत दोरा शिवून तो एका टायटॅनियमच्या बटणात ओवायचा, बटण भोकातून पलीकडे न्यायचं आणि तिथे आडवं करायचं, म्हणजे ओढलं तरी परत येत नाही. फिटर माणसाला हे लगेच समजतं, भिंतीच्या पलीकडे आडवी पट्टी टाकून नट आवळतो तसंच आहे. बटण सेंटिमीटरभर लांबीचं. त्याचे पैसे पॅकेजच्या बाहेर लागतात, मेडिक्लेम असेल तर इम्प्लांट कव्हर आहे का ते आधी विचारून घ्या.

शुद्धीवर आलो तेव्हा ब्लॉक, म्हणजे हात बधिर करायचं इंजेक्शन, दिल्यामुळे हात खांद्यापासून बधिर, छातीवर दुसऱ्याच कोणाचा तरी हात ठेवलाय असं वाटत होतं. ब्लॉक दुसऱ्या दिवशी उतरला पण अंगठ्याच्या बाजूने कोपरापासून मनगटापर्यंत एक पट्टा बधिरच राहिला. टाके काढले तरी बधिर. पाणी पडलं तर ओलं कळतं, गार का गरम ते कळत नाही. मी रात्री उठून बसायचो, चिमटे काढून बघायचो, ही झोपेतून उठून लाईट लावायची आणि काही न बोलता माझा हात हातात धरून बसायची. वाटायचं नस कापली गेली. तीन आठवड्यांनी धीर करून विचारलं तेव्हा सर्जन म्हणाले हे होतंच, चामडीची एक नस तिथूनच जाते, काम करताना ती बाजूला ओढून धरावी लागते, तिला ताण बसतो, काही महिन्यांत येईल. मग मी वाचायला लागलो. २०१२ मध्ये कॅनडातला एक अभ्यास छापून आला, ९१ पेशंट, काहींना एक चीर दिली काहींना दोन. एका चिरेवाल्यांमध्ये ही बधिरता जवळजवळ ४० टक्के लोकांना आली होती, दोन चिरांवाल्यांमध्ये ७ टक्के, आणि बहुतेकांची आपोआप गेली. दोन वर्षांनी हाताचा एकूण निकाल दोन्हीकडे जवळपास सारखाच होता. म्हणजे माझ्यासारख्या दर पाचातल्या दोघांना हे होतं! हे आधी सांगितलं असतं तर त्या रात्री गेल्या नसत्या. माझी बधिरता ऑक्टोबरमध्ये गेली, हळूहळू, मुंग्या येत येत, आता अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढी जागा जराशी मंद आहे तेवढीच.

पहिले दोन आठवडे प्लास्टरची स्लॅब, कोपर काटकोनात, मग ब्रेस, म्हणजे पट्ट्यांनी बांधायचा आधार. या काळात सगळ्यात जास्त काय त्रास झाला असं कोणी विचारलं तर मी दुखणं सांगणार नाही, जेवण सांगेन. आमच्या आईने मला लहानपणी डावा हात ताटाला लागला की हातावर मारलेलं आहे. आता तीच रोज ताट वाढून डाव्या बाजूला चमचा ठेवायची आणि मी जेवायला लागलो की उठून आत जायची. वरणभात चमच्याने जातो, भाकरी कशी खायची? ती आधीच कुस्करून ठेवायची, दुधात नाहीतर आमटीत. पाचव्या आठवड्यात फिजिओ मॅडम म्हणाल्या आता वजन न घेता हात तोंडापर्यंत न्यायला हरकत नाही. त्या रात्री मी वरणभाताचा घास केला, घास करेपर्यंत हात पालथा असतो ना, तिथपर्यंत सगळं जमलं. तोंडाकडे न्यायचा म्हणजे हात वर उचलता उचलता तळहात आपल्याकडे वळवावा लागतो, अंगठ्याने घास आत लोटायचा असतो, आणि हात अर्ध्यात अडकला. वळेचना. मी मान वाकडी करून तोंड घासाकडे नेलं. आई समोर बसली होती, त्या दिवशी उठली नाही. म्हणाली, "राहू दे बाळा, उद्या अजून थोडा वर येईल." रोज थोडा वर आलाच तो, बारा-तेरा दिवस लागले मान सरळ ठेवून जेवायला.

हे मी एवढं लांबण लावून सांगतोय कारण ऑपरेशननंतर निकाल मोजायला एक इंग्रजी फॉर्म भरून घेतात, डॅश म्हणतात त्याला, ३० प्रश्न असतात, शून्य ते शंभर स्कोअर, जितका कमी तितका चांगला. घट्ट झाकण उघडता येतं का, किल्ली फिरवता येते का, डोक्यावरचा बल्ब बदलता येतो का, सुरीने खाणं कापता येतं का. चांगले प्रश्न आहेत, मी मनापासून भरला. पण हाताने घास घेता येतो का हे मला दिलेल्या फॉर्ममध्ये नव्हतं. आरतीचं तबक धरता येतं का हे नव्हतं. तीर्थ घेताना तळहात सपाट होतो का की तीर्थ मनगटावरून वाहून जातं, हे नव्हतं. आमच्याकडच्या माणसाचं टेंडन जुळलं की नाही ते तिथे कळतं.

फिजिओ ठाण्यातच नौपाड्यात होतं, आठवड्यातून तीनदा, पाऊस असो नसो. मॅडम वयाने लहान पण कडक, पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "दादा, सहा आठवडे चहाच्या कपापेक्षा जड काही उचलायचं नाही, जोडलेलं परत तुटतं ते बहुतेक या पहिल्या काळातच." म्हणून तर जुलैमधला तो दिवस मी विसरत नाही. स्टेशनच्या पुलावर पायऱ्या ओल्या, पाय घसरला, आणि ब्रेसमधल्या उजव्या हाताने मी कठडा धरला. धरला म्हणजे विचार करायला वेळच नव्हता. कोपरात कळ गेली. तिथेच बाजूला उभा राहिलो, नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरची गर्दी अंगावरून जातेय, आणि मी ब्रेसचा पट्टा ढिला करून बोट घालून बघतोय. बोट अडकलं. पुन्हा घातलं, पुन्हा अडकलं. एक मावशी थांबल्या, विचारलं काय झालं, मला बोलता येत नव्हतं.

फिजिओच्या बाकावर बसून बसून मला इतर निकाल पण बघायला मिळाले. एक पनवेलचा माणूस होता, माझ्याच वयाचा, त्याला आधी झोळी, मग मालिश, मग शेक, असं करत साडेतीन महिन्यांनी कळलं. त्याच्या मांडीमागचं टेंडन काढून जोड द्यावा लागला, म्हणजे पायाला पण टाके, चालायला पण फिजिओ. तोही बरा झाला हे मुद्दाम सांगतो, उशीर झाला म्हणजे सगळं संपलं असं नाही, पण माझं जे सहाव्या महिन्यात झालं त्याला त्याचं वर्ष गेलं आणि हात शेवटपर्यंत सरळ व्हायला त्याला आजही त्रास आहे. आणि एक रिटायर्ड सर होते, ६८ वर्षांचे, त्यांचं माझ्यासारखंच खालचं तुटलेलं, त्यांनी विचार करून ऑपरेशन नाही केलं, फक्त ताकदीचे व्यायाम, आणि ते खूश होते. त्यांना दिवसाला किती स्क्रू पिळायचे होते? मला त्यांचा निर्णय बरोबर वाटतो आणि माझाही बरोबर वाटतो.

बाराव्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या घरात हातोडी आहे का. म्हटलं माझ्याकडे हातोडी नाही तर कोणाकडे असणार, उद्या आणतो. ती दांड्याच्या अगदी टोकाला धरायची, कोपर अंगाला चिकटवून, लोखंडी डोकं वर, आणि हळूहळू एकदा आत एकदा बाहेर कलवायची. डोकं आत गेलं की हात पालथा, बाहेर आलं की उताणा. पालथ्याकडे वजनाने आपोआप जाते, परत उभी करताना दंड थरथरतो. जड वाटली की हात दांड्यावर वर सरकवायचा, जमायला लागलं की पुन्हा खाली. माझी स्वतःची हातोडी, दांडा घामाने काळा झालेला, वीस वर्षांत मी तिने काय काय ठोकलंय, आणि पहिल्या दिवशी मला दांड्याच्या मध्यावर धरून पाच वेळा फिरवता आली. मी रोज पेन्सिलीने दांड्यावर खूण करायचो कुठे धरली त्याची. त्या खुणा अजून आहेत.

गणपती १९ सप्टेंबरला होते, साडेचौदा आठवडे झाले होते. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. तबक पितळी, आजीच्या वेळचं, चांगलं जड. मुलगा म्हणाला बाबा मी धरतो. मी म्हटलं पहिली आरती मी, मग तू. तबक उताण्या हातावर घ्यायचं आणि ओवाळायचं म्हणजे कोपर, मनगट सगळं त्याच स्नायूवर. सुखकर्ता पूर्ण झाली, दुसऱ्या आरतीच्या दुसऱ्या कडव्याला निरांजन हलायला लागलं, ज्योत नाही, अख्खं निरांजन तबकात टकटक वाजायला लागलं. मुलाने खालून हात लावला, काढून नाही घेतलं, नुसता खालून हात लावला, आणि आम्ही दोघांनी मिळून घालीन लोटांगणपर्यंत नेलं. पुढच्या वर्षी, २०२४ ला, मी सगळ्या आरत्या एकट्याने केल्या.

कामावर आठव्या आठवड्यात गेलो होतो पण लाईट ड्युटी, रजिस्टर आणि स्टोअर. फोरमन आणि पोरं चांगली आहेत, कोणी टोमणा मारला नाही. पूर्ण काम डिसेंबरमध्ये, सहा महिन्यांनी. त्या दिवशी एक कंट्रोल पॅनल बंद करायचं होतं, ३२ स्क्रू. एरवी मी ते एका दमात हाताने बसवायचो. आठ झाले आणि दंड भरून आला, बोटांपर्यंत. उरलेले बॅटरीच्या ड्रिलने बसवले. पण खिशातल्या डायरीत तारीख टाकून लिहून ठेवलं, ८. हाच माझा फॉर्म असं ठरवलं. जानेवारीत ११, मार्चमध्ये १४, मध्ये एप्रिलमध्ये परत १२, तेव्हा फार घाबरलो, पण मॅडम म्हणाल्या उतार-चढाव असतो, व्यायाम सोडू नका. जून २०२४ ला वर्ष झालं तेव्हा १९. उचलायचं म्हणाल तर तेव्हाच दोन्ही हात सारखे झाले होते, भरलेला गॅस सिलेंडर आता मी पूर्वीसारखा उचलतो. फिरवण्याची ताकद मात्र सगळ्यात उशिरा येते आणि बऱ्याच जणांची थोडी कमीच राहते, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. सगळे विचारतात वजन उचलता येतं का, मी पण तेच विचारलं होतं.

एक गोष्ट आधीच लिहायला पाहिजे होती. मी दिवसाला सहा-सात सिगारेटी ओढायचो. हाडाला चिकटायच्या आधी या टेंडनचा दोनेक सेंटिमीटरचा भाग असा आहे की तिथे मुळात रक्तपुरवठा कमी, शिवाय हात पालथा केला की दोन हाडांच्या मधे तो दाबला जातो. त्यात सिगारेट. २००२ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात ओढणाऱ्यांमध्ये हे टेंडन तुटण्याचा धोका साडेसात पट निघाला होता. म्हणजे कपाट फक्त शेवटचा धक्का होता, दोरी मी बरीच वर्षं आतून झिजवत आणलेली असणार. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सोडली ती सोडली. रबाळ्याच्या गेटबाहेरच्या टपरीवर रोज दहा मिनिटं उभी असलेली आमची पोरं आहेत, पंचविशीतली, पाने आणि चेन ब्लॉक घेऊन दिवसभर काम करणारी, त्यांना मी प्रत्येकाला स्वतःची दोरी बोट घालून दाखवलीये.

ज्याला हे झालंय आणि जो ऑपरेशनच्या विचारात आहे त्याने सर्जनला वजनाचं विचारावंच, पण आणखी विचारा की हात बधिर होईल का आणि किती दिवस, स्क्रू पिळायला कधी लागेन, माझ्या हाताने कधी जेवीन. तुमचं काम काय आहे ते त्यांनी विचारलं नाही तर आपणहून सांगा. आणि तुटलं तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा.

गेल्या शनिवारी तेच पॅनल पुन्हा उघडलं होतं. बंद करायला मी हाताने घेतलं, नवीन पोरगा बाजूला ड्रिल घेऊन उभा होता. २६ पर्यंत काही वाटलं नाही. सत्ताविसाव्याला दंड भरून आला, थांबलो, पाणी प्यायलो, हात दोनदा पालथा-उताणा केला, आणि उरलेले सहा पण बसवले. डायरीत २६ लिहिलंय.